जुळतं की नाही, एवढंच सांगा!

आमच्या ऑफिसातले किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. ते कूलरच्या टाकीत क्षार साचतात तसे साचत गेले. चार माणसं एका खोलीत बसून वर्षभर एकाच शब्दावर भांडत असतील तर दुसरं काय होणार? लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "तुमचं काम नेमकं काय हो?" मी काम सांगायला लागलो की समोरचा पाच वाक्यांत जांभई देतो. म्हणून मी आता थेट किस्सेच सांगतो. एक सांगितला की दुसरा निघतो आणि ऐकणारे हसतात. मी स्वतः मात्र शेवटचा सांगताना अजून एकदाही हसलेलो नाही.

ऑफिस धरमपेठेत, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर. देवतळे सर आमचे मालक. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं, निवृत्त झाले, घरी बसवेना म्हणून कंपनी काढली. वैशाली बोंद्रे काटोलची, गणितात एम.एस्सी., आमच्यातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात हट्टी. तिवारी गिऱ्हाईकं सांभाळतो. उरलेला मी, प्रोग्रॅम लिहिणारा.

आमचं काम म्हणजे कॉम्प्युटरला शब्दांचे अर्थ समजावणं. केबल म्हणजे काय, ती कशाला जोडलेली असते, मुळात जोडलेली असणं म्हणजे काय, हे सगळं इतकं काटेकोर लिहायचं की त्यावरून मशीनला स्वतःहून निष्कर्ष काढता यावा. याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. बघा, आली ना जांभई?

*

सरांनी पहिल्याच आठवड्यात एका शब्दावर बंदी घातली. तो शब्द म्हणजे "सेम". ऑफिसात कुणी "सेम" म्हटलं की सर चष्मा काढायचे आणि विचारायचे, "कशाच्या दृष्टीनं सेम?"

एकदा तिवारी फोनवर नाश्ता मागवत होता. "भाऊ, तीन प्लेट तर्री पोहे. अन् सरांसाठी सेम, पण तर्री कम."

सर आतल्या खोलीतून बाहेर आले. "तिवारी, तर्री कमी असेल तर सेम कसं?"

"सर, पोहे तर सेमच आहेत ना!"

"कशाच्या दृष्टीनं?"

"खाण्याच्या दृष्टीनं, सर!"

"खाण्याच्या दृष्टीनं तर अजिबात नाही. माझ्या पित्ताला विचारा."

तिकडे पोहेवाला हॅलो हॅलो करत होता. शेवटी तो इतक्या जोरात ओरडला की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "साहेब, पहिले आपसात ठरवा, मंग फोन करा!" आणि त्यानं फोन ठेवून दिला. त्या दिवशी आम्ही बिस्किटांवर भागवलं.

*

मग ते काम आलं. खाप्याच्या रस्त्यावर घरांच्या प्लॉटांचं एक मोठं लेआउट पडलं होतं, सगळी वीज जमिनीखालून. ठेकेदार कंपनीकडे नकाशा होता, त्यात लाईनींना नावं होती, अ आणि ब. सबस्टेशनातल्या बटणांवरही तीच नावं. पण जागेवर जाऊन केबली आणि त्या जिथं जोडतात ते लोखंडी डबे तपासणाऱ्या सर्व्हेवाल्यांनी आपलेच नंबर चिकटवून ठेवले होते. नावांचा त्या नंबरांशी काडीचा संबंध नव्हता. कंपनीला हवं होतं की मशीननं दोन्ही चित्रं ताडून पाहावीत आणि जमिनीत जे आहे ते नकाशाशी जुळतं का ते सांगावं. जुळलं की "लाईन बंद, काम सुरू करा" हा हुकूमही मशीनच देणार.

गणितात ही जुनीच गोष्ट आहे. दोन्ही चित्रांवरची नावं पुसायची, कोण कोणाला जोडलंय तेवढंच ठेवायचं आणि एक चित्र दुसऱ्यावर तंतोतंत बसतं का बघायचं. अशा चित्राला ग्राफ म्हणतात; एकावर एक बसले तर दोन्ही ग्राफ आयसोमॉर्फिक, म्हणजे जुळणारे. वैशालीनं हे तिवारीला समजावलं तेव्हा तो एकदम खूश!

"मतलब कुंडली जुळवणं!"

"तसंच समज."

"मंग यात भांडण कायचं? गुण जुळले, अक्षता टाका!"

वैशाली फळ्याकडे बघत होती. फळ्यावर लेआउटचं चित्र होतं. सबस्टेशनातून दोन लाईनी निघायच्या, एक इकडून, एक तिकडून. दोन्हींवर तितकेच डबे, आणि शेवटच्या डब्यात दोन्ही येऊन मिळायच्या.

"तिवारी, हे चित्र आरशात धरलं तं कसं दिसन?"

"असंच दिसेल."

"हेच तं भांडण हाय," ती म्हणाली.

*

सरांची व्याख्या एका ओळीची होती. दोन ग्राफांमध्ये तशी जुळवणी अस्तित्वात असेल तर ते जुळतात. उत्तर हो किंवा नाही. पुस्तकात असते तशीच, आणि अगदी बरोबर.

वैशाली म्हणाली, "सर, जुळवणी आहे एवढं लिहून भागणार नाही. ती जुळवणी स्वतःच एक वस्तू म्हणून लिहावी लागेल. तिच्यात सगळ्या जोड्या. हा डबा म्हणजे तो डबा, ही केबल म्हणजे ती लाईन."

सर हसले. "जुळवणी ही वस्तू? उद्या 'पेक्षा मोठा' यालासुद्धा आधार कार्ड काढून द्याल, बोंद्रे!"

आम्ही सगळे हसलो. वैशाली हसली नाही. तिनं खडू उचलला.

"सर, या चित्रात जुळवण्या दोन निघतात. एक सरळ, एक उलटी. उलटीत अ च्या जागी ब जाते. तुमची व्याख्या दोन्हींना हो म्हणते."

"म्हणणारच! दोन्ही बरोबर आहेत."

"गणितात बरोबर आहेत, सर. केबलीत करंट असतो."

सरांना असं तोंडावर कुणी बोलत नसे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बोंद्रे, आपण गणित लिहितो. करंट ठेकेदार बघेल." आणि ते आत निघून गेले. मला सरांचा राग आला होता. व्याख्या त्यांची बरोबर होती, म्हणून जास्तच आला.

*

दोन-चार दिवसांनी आम्ही जेवणाचे डबे उघडून बसलो होतो. वैशालीचा फोन वाजला. हात भाजीचे होते म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"काहून गा, एवढ्या दुपारी?"

तिकडून तिचा धाकटा भाऊ, प्रशांत. तो केबल जोडणाऱ्या गँगमध्ये काम करतो एवढं आम्हाला माहीत होतं. कुणाच्या गँगमध्ये, ते तोवर कधी निघालं नव्हतं.

"ताई, मले खाप्याच्या साइटवर पाठवून राहिले. ट्रायल हाय म्हणते. कॉम्प्युटर सांगन लाईन बंद हाय, मंग आपण डबा खोलायचा. तुमच्याच हापिसचं हाय ना वं ते?" त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मी गँगमधी सांगून बी टाकलं, माह्या बहिणीनं बनवलं म्हणून!"

वैशाली "हो" म्हणाली. हातातला घास तिनं परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

तिवारी हळूच म्हणाला, "सरांना सांगून दे ना."

"काय सांगू? माहा भाऊ हाय, म्हणून व्याख्या बदला?" ती आमच्या दोघांवर उखडली. "मंग म्हणतीन, घरचं माणूस हाय म्हणून रडून राहिली. व्याख्या बरोबर हाय का चूक, त्यात प्रशांतचा काय संबंध? तुम्हीबी सांगायचं नाही. शपथ हाय."

तिचं हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. जीव भावाचा आणि शपथ आम्हाला! पण तिच्यापुढे आमचं कधी काही चाललं आहे?

*

सर अन्यायी नव्हते. ते म्हणाले, "दोन्ही व्याख्या गिऱ्हाइकासमोर चालवू. होऊ द्या दूध का दूध."

ठेकेदाराचा इंजिनीयर आला. मे महिना. कूलर घरघरत होता आणि तरी सगळ्यांच्या पाठी ओल्या. आधी सरांची व्याख्या लावली. एंटर मारला, स्क्रीन हिरवी. "जुळतं." इंजिनीयरनं मान डोलावली.

मग वैशालीची. तिच्या व्याख्येत मशीनला नुसतं हो म्हणून सुटका नव्हती. सगळ्या जोड्या लावून दाखवायच्या, आणि जितक्या तऱ्हांनी लागतील तितक्या. लॅपटॉपचा पंखा सुरू झाला. चहा आला, पिऊन झाला, कप गेले. पंखा सुरूच. इंजिनीयरनं घड्याळ बघितलं, मग मोबाइल, मग पुन्हा घड्याळ.

"मशीनले ताप आला बे," तिवारी माझ्या कानात पुटपुटला. त्याचा स्वतःचा चेहरा घामानं निथळत होता. वैशाली उभीच होती. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर घट्ट धरलेले.

"मॅडम, मला कीर्तन नको," इंजिनीयर शेवटी म्हणाला. "जुळतं की नाही, एवढंच सांगा!"

तेवढ्यात स्क्रीन लाल झाली. "एकापेक्षा जास्त जुळवण्या. आधी जागेवर खात्री करा."

"म्हणजे नाही जुळत?"

"जुळतं. दोन तऱ्हांनी जुळतं."

"जुळतं तर मग लाल काहून?"

"दोन तऱ्हांनी जुळतं म्हणून!"

इंजिनीयर सरांकडे वळला. "सर, तुमचंवालं द्या. हिरवं."

ट्रायल सोमवारी ठरली.

*

त्याच आठवड्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक दिवस घरी बसले आणि दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून ऑफिसात हजर. उजव्या भुवईच्या वर कपाळावर एक जाड निळा बाण.

तिवारीच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. "सर, कपाळावर हा बाण कायचा?"

"नर्सनं मार्करनं काढला. धुतला तरी जात नाही."

"काहून काढला पण?"

"अहो, डोळे दोन असतात. चुकून दुसराच..." आणि सर मध्येच थांबले.

कूलर घरघरत होता. आम्ही तिघंही सरांच्या कपाळाकडे बघत होतो.

सरांनी काळा चष्मा सारखा केला. "ते वेगळं," ते म्हणाले. "ते वैद्यकशास्त्र आहे!"

मग ते बेसिनपाशी गेले, रुमाल ओला केला आणि बराच वेळ कपाळ घासत बसले.

*

शनिवारी प्रशांत मोटरसायकल घेऊन तिला न्यायला आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. हसरा, दणकट, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. आल्याआल्या त्यानं आमच्या कॉम्प्युटरांकडे देवळात बघावं तसं बघितलं.

वैशाली बॅग भरता भरता म्हणाली, "सोमवारी सुट्टी टाक गा तू."

"काहून?"

"काहून म्हणजे काहून. मी सांगून राहिली ना!"

प्रशांतनं तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. आमचे चेहरे काय लपणार होते? त्याला सगळं नाही, पण पुरेसं कळलं असावं.

"मी नाही गेलो तं दुसऱ्याले पाठवतीन ताई. त्याच्या घरी कोणी नसन काय?"

वैशालीनं बॅगेची चेन ओढली. "मंग मीबी येते साइटवर," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ते गेले आणि तिवारीनं शपथ मोडली. सरळ सरांच्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "सर, सोमवारी डबा उघडणारा बोंद्रेचा सख्खा भाऊ आहे." मी दारात उभा होतो. मला वाटलं सर आता फोन उचलतील आणि ट्रायल पुढे ढकलतील.

सर म्हणाले, "कुणाचा भाऊ आहे यावरून व्याख्या बदलत नसते, तिवारी. कुणाचाही भाऊ असला तरी ती बरोबरच असायला हवी." आणि टेबलावरचं पेन्सिल-रबर उगाच सारखं करत पुढे म्हणाले, "मी स्वतः येतो. माझी व्याख्या आहे."

डॉक्टरांनी त्यांना धुळीत जायला सक्त मनाई केली होती.

*

सोमवारी आम्ही सगळे लेआउटवर. प्लॉट आखलेले पांढरे दगड, मुरमाचे रस्ते, सावलीचं नाव नाही. शेवटच्या डब्यापाशी प्रशांतची गँग उभी होती. माझ्या हातात लॅपटॉप. स्क्रीन हिरवी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत "जुळलं. लाईन अ बंद करा. काम सुरू करा."

इंजिनीयरनं सबस्टेशनला फोन लावला. "अ बंद केली का?"

"केली साहेब. बटणावर अ लिहिलंय तीच." आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

प्रशांतनं डब्याचं लोखंडी दार उघडलं. आत दोन केबली, एक या बाजूनं आलेली, एक त्या बाजूनं. तितकीच जाडी, तोच काळा रंग. एकीवर सर्व्हेवाल्यांचा नंबर ३१, दुसरीवर ४७; अ किंवा ब कशावरच नाही. एक बंद होती आणि एक चालू. वैशाली माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्या बॅगेचा पट्टा धरला होता आणि तो तिच्या मुठीत पिळला जात होता.

प्रशांतनं अर्थिंगचा लांब दांडा काढला. त्याची तार जमिनीत पुरली. दांड्याचं टोक केबलीच्या उघड्या जोडाला लावायचं. केबल बंद असली तर काही होत नाही. चालू असली तर तिथंच भडका.

मी समजलो आता तोच लावणार. पण तो दांडा घेऊन आमच्याकडे आला.

"सर, आमच्या गँगमधी एक रीत हाय. लाईन बंद हाय असं ज्यानं म्हटलं, पहिला दांडा तो लावते. मंगच आम्ही आत हात घालतो."

इंजिनीयर खवळला. "अरे, सरांना काय सांगतोस! बंद मशीननं सांगितली."

"मशीन कोठी दांडा धरन साहेब?" प्रशांत अगदी साधेपणानं म्हणाला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. रीत होती, ती तो पाळत होता.

"बरोबर आहे त्यांचं," सर म्हणाले. "आणा इकडे."

त्यांनी हातमोजे घातले. ते त्यांना फारच मोठे होत होते. काळा चष्मा काढून त्यांनी तिवारीकडे दिला आणि डब्यासमोर जाऊन उभे राहिले. गँग दोन पावलं मागे सरली. प्रशांत तेवढा सरांच्या बाजूला उभा राहिला.

"सर..." वैशाली पुढे झाली. सरांनी मागे न बघता हात करून तिला थांबवलं.

त्यांनी दांडा उचलला. टोक ३१ च्या जवळ गेलं आणि तिथंच थांबलं. मग हळूहळू ४७ कडे गेलं. तिथंही थांबलं. परत ३१ कडे आलं. सरांच्या कानामागून घामाची धार लागली होती. माझ्या हातातली स्क्रीन तेवढी हिरवी होती.

सरांनी दांडा खाली घेतला. वळले नाहीत. डब्याकडे बघतच म्हणाले,

"बोंद्रे, यातली कोणती?"